मॅक्लारेन एफ१: रेसिंगवाल्यांनी रस्त्यासाठी बांधलेली गाडी

रेसिंगची गाडी घ्यायची, तिला दिवे, आरसे, हॉर्न आणि नंबर प्लेट लावायची की झाली रस्त्यावरची गाडी, असं बऱ्याच जणांना वाटतं. तशी गाडी घेऊन कोणी खरंच घराबाहेर पडलं तर पहिल्या सिग्नललाच फसेल. रेसच्या गाडीचे कार्बनचे ब्रेक काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय धड धरत नाहीत, आणि गल्लीतून सिग्नलपर्यंत जाताना ते गारच असतात. टायरचंही तसंच. त्याचं रबर साधारण ८० ते १०० अंशांना चिकट होतं, त्याआधी ते डांबरावर घसरतं. क्लच एक तर पूर्ण सुटलेला किंवा पूर्ण लागलेला. अर्धा दाबून रांगेत हळूहळू पुढे सरकायची सोय त्यात जवळपास नसते. इंजिन थंड राहतं ते समोरून येणाऱ्या वाऱ्यावर, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की ते तापायला लागतं. गाडीचा तळ जमिनीपासून काही सेंटिमीटरवर, म्हणजे स्पीडब्रेकर ओलांडायचा विचारच सोडायचा.

म्हणून रेसिंगच्या गाड्या बांधणाऱ्या संघाने रस्त्यावर चालेल अशी गाडी बांधणं हे दिसतं तितकं सोपं काम नाही. आजवर ते दोन उलट दिशांनी केलं गेलं आहे. या दोन दिशा कळल्या की दुर्मीळ स्पोर्ट्स कारच्या जगातल्या बऱ्याच गोष्टी उलगडतात, आणि त्यांतली एक गाडी बाकीच्यांपेक्षा वेगळी का मानली जाते तेही लक्षात येतं. ती गाडी म्हणजे मॅक्लारेन एफ१. १९९२ ते १९९८ या काळात इंग्लंडमधल्या वोकिंग इथे ती बांधली गेली. सगळे प्रकार आणि नमुने धरून १०६. त्यांतल्या नेहमीच्या, रस्त्यावरच्या गाड्या फक्त ६४.

नियम आधी की गाडी आधी?

फ्रान्समध्ये ले मान्स इथे दरवर्षी २४ तासांची शर्यत होते. तिथे ढोबळमानाने दोन जातींच्या गाड्या उतरतात. एक, फक्त शर्यतीसाठी बांधलेल्या, ज्यांना प्रोटोटाइप म्हणतात. दुसऱ्या जीटी, म्हणजे लोकांना विकल्या जाणाऱ्या स्पोर्ट्स कारवरून तयार केलेल्या. जीटी गटात यायचं तर आमची गाडी रस्त्यावरही आहे, हे कंपनीला दाखवून द्यावं लागतं. या मान्यतेला होमोलोगेशन म्हणतात. रस्त्यावर किती गाड्या असायला हव्यात हा आकडा वेळोवेळी बदलत आला, आणि १९९४ साली नियम इतके सैल होते की एकच रस्त्यावरची गाडी दाखवली तरी भागत होतं.

पोर्शने ही फट बरोबर हेरली. त्यांची ९६२ ही १९८० च्या दशकातली निव्वळ रेसची गाडी. योखेन डाउअर या जर्मन रेसरने तिची रस्त्यावर चालेल अशी आवृत्ती तयार केली होती. पोर्शने ती आवृत्ती पुढे केली, त्या आधारावर ९६२ ला जीटी म्हणून नोंदवलं आणि १९९४ ची शर्यत जिंकली. जिंकणाऱ्या तिघा चालकांत फ्रान्सचा यानिक डालमास होता. पुढच्याच वर्षी डालमासने ले मान्स पुन्हा जिंकली, ती मॅक्लारेन एफ१ मधून. म्हणजे एकाच माणसाने लागोपाठ दोन वर्षं ही शर्यत जिंकली: आधी रस्त्यावर आणलेल्या रेसच्या गाडीतून, मग रेसला उतरवलेल्या रस्त्याच्या गाडीतून. दोन उलट दिशा म्हणतात त्या याच.

यातली दुसरी दिशा जास्त अवघड, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. का, ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

ब्रूस मॅक्लारेन हा न्यूझीलंडचा रेसर. १९६३ मध्ये त्याने स्वतःचा संघ काढला. पुढे अमेरिका-कॅनडातल्या कॅन-अॅम शर्यतींत त्याच्या पपई रंगाच्या गाड्यांनी सगळ्यांना मागे टाकलं. त्याच्या डोक्यात रस्त्यावरची गाडीही होतीच. एम६ या कॅन-अॅम गाडीवर छप्पर चढवून एम६जीटी तयार झाली, आणि तसली एक लाल गाडी तो स्वतः रस्त्यावर वापरायचा. पण २ जून १९७० रोजी गुडवुडच्या ट्रॅकवर कॅन-अॅम गाडीची चाचणी घेताना अपघातात तो गेला. वय होतं ३२. एम६जीटीचं काम तिथेच थांबलं.

संघ मात्र टिकला, वाढला. १९८८ चा फॉर्म्युला वनचा हंगाम तर मॅक्लारेनचाच होता. आयर्टन सेना आणि आलाँ प्रोस्त यांनी मिळून १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. हरलेली एकमेव शर्यत सप्टेंबरमधली, मोंझाची. तिथून परतताना मिलानच्या लिनाते विमानतळावर विमानाला उशीर झाला, आणि संघप्रमुख रॉन डेनिस, भागीदार मन्सूर ओजेह, संचालक क्रेटन ब्राउन आणि गाड्यांची रेखाटनं करणारे गॉर्डन मरे या चौघांच्या बोलण्यात रस्त्यावरच्या गाडीचा विषय निघाला. पैसा आणि मान्यता बाकीच्यांकडून येणार होती; गाडी मरे यांच्या डोक्यातून येणार होती.

गॉर्डन मरे मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानचे. ब्रॅबम संघात त्यांनी अनेक वर्षं फॉर्म्युला वनच्या गाड्या आखल्या. १९७८ मध्ये त्यांनी गाडीच्या मागे मोठा पंखा बसवला. तो गाडीखालची हवा ओढून घ्यायचा, त्यामुळे गाडी जमिनीला चिकटून राहायची. निकी लाउडाने त्या गाडीतून स्वीडनची शर्यत जिंकली आणि लगेच ती गाडी शर्यतींतून बाद झाली. रस्त्यावरच्या गाडीबद्दल मरे यांचं म्हणणं सरळ होतं: शर्यतीचा विचार न करता, चालवणाऱ्याला सर्वांत जास्त आनंद देईल अशी गाडी बांधायची. शर्यतीचे नियम नाहीत, कुठल्या गटात बसायची सक्ती नाही. शर्यतीकडून घ्यायची ती फक्त काम करायची पद्धत.

ग्रॅमचा हिशेब

ती पद्धत म्हणजे वजन. एफ१ समजून घ्यायची असेल तर इथेच सगळ्यात जास्त थांबायला हवं.

इंजिनची पॉवर वाढवली की गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळते, बस. वजन कमी केलं की ती जोरात पळते, लवकर थांबते, वळणात हलकी वळते, टायर कमी झिजवते आणि पेट्रोलही कमी पिते. शिवाय यात एक साखळी असते. गाडी हलकी झाली की ब्रेक लहान चालतात, स्प्रिंगा बारीक चालतात, टाकी छोटी चालते. आणि हे सगळं लहान झालं की गाडी आणखी हलकी होते. जड गाडीत हीच साखळी उलटी फिरते. मोठं इंजिन, म्हणून मोठा रेडिएटर, म्हणून मोठे ब्रेक, म्हणून मोठी चाकं, आणि त्या सगळ्याला हलवायला पुन्हा आणखी मोठं इंजिन.

मरे यांनी १,००० किलोचं लक्ष्य ठेवलं होतं. ते गाठता आलं नाही. गाडी साधारण १,१४० किलोवर आली. आपल्याकडे रस्तोरस्ती दिसणाऱ्या होंडा सिटीचं वजन जवळपास तेवढंच आहे, आणि एफ१ लांबीला सिटीपेक्षा आखूडच आहे. फरक असा की सिटीच्या पेट्रोल इंजिनाची ताकद १२१ पीएस (म्हणजे साधारण तेवढीच अश्वशक्ती) आहे, एफ१ ची ६२७. तेवढंच वजन आणि पाचपट ताकद. २००५ साली बुगाटी वेरॉन आली तेव्हा तिच्यात १६ सिलिंडर, चार टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारी यंत्रं) आणि १,००१ पीएस होते. पण तिचं वजन १,८८० किलोच्या वर. किलोमागे ताकद किती, असा हिशेब मांडला तर तेरा वर्षं जुन्या रेखाटनाची एफ१ वेरॉनच्या मागे पडत नाही.

हे वजन उतरवलं कसं? पहिलं उत्तर म्हणजे कार्बन फायबर. कार्बनचे केसापेक्षा बारीक धागे विणून कापड करतात, ते राळेत भिजवतात, साच्यात थरावर थर लावतात आणि दाबाखाली भट्टीत भाजतात. जो भाग तयार होतो तो पोलादाच्या काही अंश वजनात पोलादाइतकं काम करतो. मात्र त्यात एक मेख आहे. धागा ज्या दिशेने असतो त्याच दिशेने तो बळकट असतो. त्यामुळे कुठल्या थरात धागे कुठल्या बाजूला ठेवायचे हे आधी गणिताने ठरवावं लागतं आणि मग माणसाने हाताने लावावं लागतं. मॅक्लारेनला हे येत होतं, कारण फॉर्म्युला वनमध्ये कार्बनचा सांगाडा पहिल्यांदा त्यांनीच आणला, १९८१ च्या एमपी४/१ मध्ये, जॉन बार्नर्ड यांच्या रेखाटनावर. तेव्हा अनेकांना शंका होती की धडकेत हा सांगाडा काचेसारखा फुटेल. त्याच वर्षी मोंझाला जॉन वॉटसनची गाडी जोरात धडकली, इंजिनचा भाग तुटून वेगळा झाला, आणि वॉटसन स्वतःच्या पायांनी बाहेर आला. त्यानंतर ही शंका कोणी फारशी काढली नाही. एफ१ ही पूर्ण कार्बनचा सांगाडा असलेली, लोकांना विकलेली पहिली गाडी ठरली. एकेक गाडी बांधायला साधारण साडेतीन महिने लागायचे, ते मुख्यतः या हातकामामुळे.

दुसरं उत्तर म्हणजे एका भागाकडून दोन कामं करून घेणं. गाडीच्या मागच्या टोकाला भलामोठा सायलेन्सर आहे. तो आवाज कमी करतोच, पण मागून कोणी धडकलं तर चेमटून धक्का शोषून घेण्याचं कामही त्याच्याकडेच दिलं आहे. त्यामुळे त्यासाठी वेगळा लोखंडी भाग लावावा लागला नाही. अशा ठिकाणी मला रेसिंगवाल्यांचा हात सगळ्यात स्पष्ट दिसतो. भाग जोडत जाणारे इंजिनिअर पुष्कळ असतात. प्रत्येक भागाला तू इथे का आहेस असं विचारणारे थोडे.

तिसरं उत्तर म्हणजे चिकाटी. चाकं मॅग्नेशियमची. सोबत मिळणारी हत्यारं टायटॅनियमची, फ्रान्सच्या फाकोम कंपनीने केलेली. सीडी प्लेअर केनवूडकडून खास हलका करून घेतलेला, आणि रेडिओ नाहीच. इंजिनच्या जागेला आतून सोन्याचा वर्ख लावला आहे, हे ऐकल्यावर श्रीमंती थाट वाटतो, पण कारण साधं आहे. उष्णतेचे किरण परतवण्यात सोन्यासारखा धातू विरळा, आणि कार्बनमधली राळ उष्णतेने मऊ पडते. जाड, जड आवरण लावण्यापेक्षा कागदाहून पातळ सोनं लावणं मरे यांना परवडलं.

वजन किती, इतकंच वजन कुठे आहे हेही महत्त्वाचं असतं. भरलेली कळशी कमरेवर घेऊन माणूस गर्रकन वळू शकतो. तीच हात लांब करून धरली तर वळताना तोल जातो. गाडीचंही असंच. एफ१ मध्ये इंजिन चालकाच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे आहे, पेट्रोलची टाकी मधोमध चालकाच्या पाठीशी, सामानाचे कप्पेही दोन्ही बाजूंना मागच्या चाकांच्या पुढे. जड ते सगळं मध्याजवळ. म्हणून स्टिअरिंग फिरवताच ती लगेच वळते.

मधली सीट

आता या गाडीतली सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. चालक मधोमध बसतो आणि दोन प्रवासी त्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे. अनेकांना ही हौस वाटते, पण त्यामागे अडचण खरी होती. इंजिन मागे असलं की पुढची सीट आणखी पुढे सरकते आणि पुढच्या चाकाची कमान पायांच्या जागेत घुसते. त्यामुळे अशा बऱ्याच गाड्यांत पेडल एका बाजूला सरकवलेले असतात आणि चालक कंबरेतून तिरका बसतो. माणूस मध्यभागी आला की दोन चाकांच्या मधली सगळी जागा पायांना मिळते. पेडल सरळ, स्टिअरिंग सरळ, दोन्ही बाजूंचं दिसणं सारखं. शिवाय डाव्या आणि उजव्या हाताच्या देशांसाठी दोन वेगळ्या गाड्या करायची गरज नाही. तोटाही आहेच. आत शिरताना बाजूची सीट ओलांडून जावं लागतं, आणि टोलनाक्यावर पैसे द्यायला कुठल्याच खिडकीपर्यंत हात पोचत नाही.

इंजिनासाठी मरे आधी होंडाकडे गेले, कारण त्या वेळी मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वन गाड्यांना होंडाचंच इंजिन होतं. होंडाने नकार दिला. मग बीएमडब्ल्यूचे पॉल रोश पुढे आले. मरे आणि रोश यांनी ब्रॅबममध्ये एकत्र काम केलं होतं. त्यांच्याच गाडीतून नेल्सन पिके १९८३ मध्ये विश्वविजेता झाला. मरे यांनी ५५० अश्वशक्तीचं, २५० किलोचं इंजिन मागितलं होतं. रोश यांनी ६.१ लिटरचं व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन दिलं. वजन थोडं जास्त, २६६ किलो, पण ताकद मागितल्यापेक्षा कितीतरी अधिक. टर्बो मुद्दामच नव्हता. त्या काळच्या टर्बोत पेडल दाबल्यावर क्षणभर काहीच घडायचं नाही आणि मग एकदम सगळा जोर यायचा. मरे यांना पायाच्या हालचालीला त्याच क्षणी आणि तेवढंच उत्तर हवं होतं. प्रत्येक सिलिंडरला हवेसाठी स्वतंत्र झडप आहे ती यासाठीच. हवा आत घेण्याचं तोंड छपरावर, चालकाच्या डोक्याशी आहे, त्यामुळे इंजिनचा श्वास थेट कानात येतो.

सस्पेन्शनची गोष्ट होंडाच्याच एका गाडीपाशी सुरू होते. मरे यांनी होंडा एनएसएक्स चालवून पाहिली आणि इतकी वेगवान गाडी रस्त्यावर इतकी सुखावह असू शकते हे पाहून त्यांनी आपला मापदंडच बदलला. शर्यतीच्या गाडीत सस्पेन्शनचे सांधे धातूचे असतात. चाक नेमकं कुठे आहे हे त्यात काटेकोर ठरतं, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा हाडांत जाणवतो. नेहमीच्या गाडीत रबर असतं; सुख मिळतं, पण वळणात चाक थोडं भरकटतं. एफ१ मध्ये पुढच्या बाजूला असं रबरी बूश वापरलं आहे जे एका दिशेला दुसरीपेक्षा साधारण २५ पट कडक आहे. खड्डा आला की चाक किंचित मागे सरकून धक्का गिळतं. वळणात बाजूचा जोर आला की ते हलत नाही. एका भागात दोन उलट गुण बसवायचे, ही इंजिनिअरिंगमधली सुंदर गोष्ट आहे असं मला वाटतं. सोन्याच्या वर्खाबद्दल जितकं लिहिलं जातं त्याच्या दशांशही या रबराबद्दल लिहिलं जात नाही.

जे नाही त्याची यादी मोठी आहे. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, घसरण रोखणारं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नाही, ब्रेक दाबायला मदत करणारा बूस्टरसुद्धा नाही. कार्बनचे ब्रेक मात्र मरे यांनी स्वतः नाकारले. रस्त्यावर गार अवस्थेत ते धरत नाहीत म्हणून साधे लोखंडी डिस्क लावले. हा निर्णय योग्यच होता. एबीएस न लावण्याचा पटत नाही. १९९२ मध्ये ते तंत्र चांगलं रुळलेलं होतं, आणि ६२७ पीएसच्या गाडीत ओल्या रस्त्यावर त्याची भरपाई फक्त चालकाच्या पायाने करायची हे फार मोठं ओझं आहे.

कायद्याच्या नजरेतून

रस्त्यावर चालवायला परवानगी मिळणं म्हणजे काय, हेही इथे नीट दिसतं. धडकेची चाचणी, दिव्यांची उंची, धुरातले घटक, आवाज, काचा, सीटबेल्ट, प्रत्येकाला मर्यादा आहे, आणि ती देशागणिक बदलते. एफ१ ब्रिटन आणि युरोपात कायदेशीर होती, अमेरिकेत नव्हती. तिथे काही गाड्या बदल करून नेल्या गेल्या, आणि त्यासाठी बाजूच्या दोन सीटही काढाव्या लागल्या. म्हणजे तीन माणसांची गाडी एकाची झाली. पुढे १९९९ मध्ये तिथे ऐतिहासिक किंवा तांत्रिकदृष्ट्या महत्त्वाच्या गाड्यांसाठी वेगळी सवलत आली: गाडी मूळ रूपात ठेवा, पण वर्षाला २,५०० मैल म्हणजे साधारण ४,००० किलोमीटरच्या वर चालवू नका.

गाडीचं अनावरण मे १९९२ मध्ये मोनाकोत झालं. किंमत सुमारे ५ लाख ४० हजार पौंड. तेव्हा जगभर मंदी होती, महागड्या गाड्यांचा बाजार बसला होता, आणि मॅक्लारेनने मनात धरली होती त्यापेक्षा खूपच कमी विक्री झाली. आज ज्या दुर्मीळपणाचं कौतुक होतं तो ठरवून आणलेला नव्हता.

मग काही मालकांनीच आग्रह धरला की ही गाडी शर्यतीत उतरवा. मरे यांची इच्छा नव्हती, पण गाडी कोणीतरी शर्यतीत नेणारच असेल तर बदल आपणच केलेले बरे, असं ठरलं आणि जीटीआर ही आवृत्ती तयार झाली. आत लोखंडी पिंजरा, मागे स्थिर पंख, कार्बनचे ब्रेक, अंगावरचं अनावश्यक सगळं उतरवलेलं. गंमत अशी की नियमांमुळे इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी अरुंद कडं लावावं लागलं, त्यामुळे रेसच्या एफ१ ची ताकद रस्त्यावरच्या एफ१ पेक्षा कमी होती.

१९९५ ची ले मान्स पावसाची निघाली. रात्रभर पाऊस. एफ१ चा कच्चा दुवा गिअरबॉक्सकडे होता, आणि ओल्या रस्त्यावर चाकांची पकडच कमी असल्याने तिथे येणारा ताणही कमी झाला. शिवाय ज्या गाडीचं इंजिन पेडलला हळुवारपणे उत्तर देतं ती ओल्यात जास्त विश्वासाची ठरते. अंधारात एका एफ१ मधल्या जे. जे. लेटोने इतरांपेक्षा कितीतरी वेगाने फेऱ्या काढल्या. आघाडीवर असलेल्या दुसऱ्या एका एफ१ ला शेवटच्या तासांत गिअर टाकायला त्रास होऊ लागला, आणि लेटो, डालमास व मसानोरी सेकिया यांची ५९ क्रमांकाची काळी-करडी गाडी २९८ फेऱ्या पूर्ण करून जिंकली. ले मान्स जिंकणारा सेकिया हा पहिला जपानी चालक. मॅक्लारेन पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि तेराव्या. पाच गाड्या शेवटपर्यंत टिकल्या म्हणून पाच खास एलएम (ले मान्स) आवृत्त्या विकायला काढल्या गेल्या. त्यांतल्या काही ब्रूसच्या पपई रंगात.

या विजयाने उलटी दिशा पुन्हा जागी झाली. पोर्शने १९९६ मध्ये ९११ जीटी१ आणली, जी नावाला ९११ पण मुळात रेसची गाडी होती. मर्सिडीजने एक एफ१ जीटीआर विकत घेऊन अभ्यासली आणि सीएलके जीटीआर बांधली. रेसची आधी, रस्त्यावरच्या सुमारे पंचवीस नंतर. टोयोटाने १९९८ मध्ये कमाल केली. नियम होता की गाडीत एक सूटकेस मावायला हवी. त्यांनी सांगितलं की पेट्रोलची टाकी रिकामी असली की तिच्यात मावते, आणि आयोजकांनी ते मान्य केलं. मॅक्लारेनलाही टिकून राहायला १९९७ साली शेपूट लांब केलेली जीटीआर काढावी लागली, आणि ती कायदेशीर ठरवण्यासाठी एफ१ जीटी ही रस्त्यावरची आवृत्ती. नमुना धरून फक्त तीन. म्हणजे ज्या गाडीने आधी रस्ता धरला तिच्याही वाट्याला शेवटी नियमासाठी बांधलेली आवृत्ती आलीच. एका हंगामानंतर मर्सिडीजसमोर कोणी उरलं नाही आणि तो गटच संपला.

३१ मार्च १९९८ रोजी जर्मनीतल्या एरा-लेसियनच्या लांब सरळ ट्रॅकवर अँडी वॉलेसने एक्सपी५ हा नमुना ताशी ३८६.४ किलोमीटरपर्यंत नेला. त्यासाठी इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा वाढवली होती. विकल्या जाणाऱ्या गाड्यांतला हा वेग २००५ पर्यंत कोणी ओलांडला नाही, आणि मग ज्यांनी ओलांडला त्यांच्या इंजिनांवर टर्बो किंवा सुपरचार्जर होते.

आज या गाड्या सांभाळणं हाच एक उद्योग आहे. पेट्रोलच्या टाकीतली रबरी पिशवी ठरावीक वर्षांनी बदलावी लागते, आणि त्यासाठी इंजिन बाहेर काढावं लागतं. गाडीशी बोलणारा कॉम्प्युटर म्हणून मॅक्लारेनचे लोक कित्येक वर्षं १९९० च्या दशकातले कॉम्पॅक लॅपटॉप जपून वापरत होते, कारण नव्या यंत्रांना गाडीची भाषा कळत नव्हती. विनोदी नट रोवन अॅटकिन्सन यांची एफ१ ऑगस्ट २०११ मध्ये केंब्रिजशायरमध्ये रस्त्याबाहेर जाऊन झाडावर आदळली. कार्बनच्या सांगाड्यामुळे खांद्याच्या दुखापतीवर निभावलं. विमा कंपनीने दुरुस्तीसाठी ९ लाख १० हजार पौंड मोजले, म्हणजे नव्या गाडीच्या मूळ किमतीहून जास्त. आणि तो खर्च शहाणपणाचा ठरला, कारण किमती चढतच गेल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पेबल बीचच्या लिलावात अगदी कमी चाललेली एक एफ१ दोन कोटी डॉलरच्या वर गेली.

मॅक्लारेनने नंतर मधल्या सीटची स्पीडटेल काढली, तीही मुद्दाम १०६ च. पण ती हायब्रिड आहे, ताकद हजार पीएसच्या वर, आणि विचाराने वेगळी. एफ१ चा खरा पुढचा भाग मरे यांनी स्वतःच्या कंपनीतून २०२० मध्ये दाखवला: टी.५०. रस्त्यासाठी १०० गाड्या, वजन एक टनाच्या आत, म्हणजे तेव्हा हुकलेलं लक्ष्य. कॉसवर्थ या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं ३.९ लिटरचं व्ही१२ मिनिटाला १२,१०० फेरे घेतं, आणि मागे पंखा आहे, १९७८ च्या गाडीची आठवण देणारा. एफ१ मधल्या चुकांबद्दल मरे मोकळेपणाने बोलतात: दिवे मिणमिणते, ब्रेक अपुरे, एसी कमजोर, सामान भरायला त्रास. टी.५० मध्ये यातलं प्रत्येक त्यांनी बदललं. हाताने टाकायचे सहा गिअर आणि मधोमध बसणारा चालक मात्र तसेच ठेवले.